आकाश निळे झाले, हातांचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोळसा आणि पोलाद यांवर उभे राहिलेले प्रदेश आता स्वच्छ तंत्रज्ञानाकडे वळणार, असे जगभर सांगितले जात आहे. या प्रश्नाबाबत आपल्या चळवळीत दोन टोकांची मते आढळतात. धुरांड्यांच्या जागी पवनचक्क्या आणि सौर पॅनेल आली की हवा शुद्ध होईल, नवे रोजगार निर्माण होतील आणि सारे सुरळीत होईल, असे काही मित्रांना वाटते. हे सारे श्रीमंत राष्ट्रांचे थोतांड असून त्याच्या आडून आपल्या कामगारांच्या पोटावर पाय दिला जाणार आहे, असे इतर काहींना वाटते. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. तथापि, या परिवर्तनाची किंमत कोण मोजणार आणि त्याचे निर्णय कोण घेणार, हा समाजवाद्यांच्या दृष्टीने जो मूलभूत प्रश्न आहे, तो दोघेही बाजूला ठेवतात.

या प्रश्नाचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेतून मिळणार नाही. म्हणून ज्या प्रदेशाने हे स्थित्यंतर साठ वर्षे अनुभवले, त्याचा हिशेब मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. तो प्रदेश म्हणजे जर्मनीतील रूरचे खोरे. एसेन, डॉर्टमुंड, बोखुम, डुइसबुर्ग, गेल्सेनकिर्शेन ही शहरे तेथे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि सुमारे पन्नास लाख लोक तेथे राहतात. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. आपल्या राउरकेल्याचा पोलाद कारखाना १९५०च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने उभा राहिला, तेव्हा त्यामागे रूरमधील क्रुप आणि डेमाग या कंपन्यांचे तंत्रज्ञान होते.

कोळशाचा अस्त

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीची जी पुनर्बांधणी झाली, ती रूरच्या कोळशावर झाली. १९५०च्या दशकाच्या मध्यास त्या देशातील दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे सहा लाख माणसे काम करीत होती आणि त्यांपैकी बहुसंख्य रूरमध्ये होती. मग १९५८ मध्ये पहिला धक्का बसला. स्वस्त खनिज तेल आणि अमेरिकेतून येणारा स्वस्त कोळसा यांच्यापुढे खोल खाणींतला महाग कोळसा टिकेना. खाणीच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे डोंगर साचू लागले. कोळसा हवेला घातक आहे म्हणून खाणी बंद पडल्या, असा समज आज करून दिला जातो. वस्तुतः पहिल्या खाणी बंद पडल्या त्या नफ्याच्या गणितामुळे. हवेचा विचार नंतर आला.

तो विचारही आपोआप आला नाही. १९६१ च्या निवडणूक प्रचारात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते विली ब्रँट यांनी रूरवरील आकाश पुन्हा निळे झाले पाहिजे, अशी मागणी केली, तेव्हा तिची टिंगल झाली. ज्या वस्त्यांत वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत काजळीने माखत, तेथेही काजळी म्हणजे रोजगार, असेच समीकरण रूढ होते. पुढच्याच वर्षी त्या राज्याने हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला. तरीही १९८५ च्या जानेवारीत विषारी धुक्यामुळे तेथे सर्वोच्च पातळीचा इशारा द्यावा लागला होता. कायदा होणे आणि हवा शुद्ध होणे यांत बराच काळ जावा लागला.

अखेर २१ डिसेंबर २०१८ रोजी बॉट्रॉप येथील प्रोस्पर-हानिएल ही शेवटची खाण बंद झाली. येथे एका तुलनेकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ब्रिटनमधील शेवटची खोल कोळसा खाण २०१५ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे तीनच वर्षे आधी बंद झाली. शेवट दोन्हीकडे एकच झाला, पण तेथवरचे मार्ग अगदी वेगळे होते. ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने १९८४–८५ चा खाण कामगारांचा वर्षभराचा संप मोडून काढला आणि पुढील दहा वर्षांत बहुसंख्य खाणींना टाळे ठोकले. वेल्स आणि यॉर्कशायरमधील गावेच्या गावे ओसाड पडली. रूरमध्ये मात्र खाण कामगार संघटनेची घोषणा अशी होती की, एकाही खाणकामगाराला निराधार करून सोडले जाणार नाही. ती घोषणा बऱ्याच अंशी पाळली गेली.

हे कशामुळे साधले?

जर्मन भांडवलदार ब्रिटिश भांडवलदारांपेक्षा दयाळू होते म्हणून हे घडले, असे कोणी मानू नये. त्यामागे कामगारांनी अगोदरच मिळवलेली सत्ता होती. १९५१ च्या आरंभी पोलाद आणि खाण कामगारांनी संपाची तयारी केली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक कामगारांनी संपाच्या बाजूने मतदान केले. त्या दडपणाखाली त्याच वर्षी सहनिर्णयाचा कायदा संमत झाला. त्यान्वये हजारांहून अधिक कामगार असलेल्या कोळसा व पोलाद कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर कामगारांना भागधारकांच्या बरोबरीने जागा मिळाल्या. शिवाय कामगारविषयक बाबींचा संचालक कामगार प्रतिनिधींच्या इच्छेविरुद्ध नेमता येणार नाही, असेही ठरले. खाण बंद करण्याचा ठराव ज्या टेबलावर होणार, त्या टेबलाशी कामगार बसलेला होता. हा फरक फार मोठा आहे.

या सत्तेच्या जोरावर १९६८ मध्ये रूरमधील बहुतेक खाणी एका कंपनीत एकत्र आणल्या गेल्या. एक खाण बंद झाली की कामगाराला दुसऱ्या खाणीत घ्यावयाचे, हे त्यामुळे शक्य झाले. १९७२ पासून अनुकूलन भत्त्याची योजना आली. भूगर्भात आयुष्य काढलेल्या कामगाराला पन्नाशीतच काम सोडता येई आणि निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत त्याचे घर चाले. याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला. कोळसा टिकवण्यासाठी तर जर्मन जनतेने वर्षानुवर्षे विजेच्या बिलातून अधिभार भरला. त्यावर टीका करणाऱ्यांचे सर्वच म्हणणे चुकीचे नाही. कालबाह्य झालेल्या खाणी दशकानुदशके चालवण्यात जो पैसा गेला, त्यातला काही भाग नव्या उद्योगांत गुंतवला असता, तर आज चित्र वेगळे दिसले असते.

जेथे मालकाने परस्पर निर्णय घेण्याचा प्रयत्न केला, तेथे संघर्षही झाला. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये डुइसबुर्गमधील राइनहाउझेनचा पोलाद कारखाना बंद करण्याचा क्रुप कंपनीचा बेत उघड झाला, तेव्हा कामगारांनी ऱ्हाइन नदीवरचा पूल अडवला. त्यांच्यासोबत दुकानदार, शिक्षक, पाद्री आणि कामगारांच्या बायका उभ्या राहिल्या. तो पूल आज ‘एकजुटीचा पूल’ म्हणून ओळखला जातो. कारखाना १९९३ मध्ये बंद झालाच. पण या लढ्याने पाच वर्षांचा अवधी मिळवला, आणि ज्या घरात कमावता माणूस एक आहे, त्या घराला पाच वर्षांचे मोल किती असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

जमीन आणि पाणी

उद्योग गेल्यावर मागे काय उरते? विषारी झालेली जमीन, खचलेली भूमी आणि नासलेले पाणी. रूरच्या अनुभवाचा हा भाग महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी विशेष काळजीपूर्वक अभ्यासावा, असे मला वाटते.

एम्शर ही त्या प्रदेशातील नदी जवळजवळ शंभर वर्षे उघडे गटार होती. याला केवळ निष्काळजीपणा कारण नव्हता. खाणकामामुळे जमीन सतत खचत असे; भुयारी गटारे घातली तर ती फुटत. म्हणून सारे सांडपाणी काँक्रीटच्या उघड्या पात्रातून वाहू दिले जाई. खाणकाम थांबल्यावर जमीन स्थिरावली आणि १९९२ पासून नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत एक्कावन्न किलोमीटरचा भुयारी कालवा बांधण्यात आला. पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला आणि तीस वर्षांनी नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. हे काम कोणी केले? १८९९ मध्ये स्थापन झालेल्या एम्शर सहकारी संस्थेने. नगरपालिका, खाणी आणि कारखाने हे तिचे सभासद असून नदी जो जेवढी वापरील वा बिघडवील, त्याने त्या प्रमाणात वर्गणी भरावयाची, हे तिचे तत्त्व आहे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या आणि आपल्या नद्यांची मात्र गटारे करून ठेवणाऱ्या महाराष्ट्राने या संस्थेकडे जरूर पाहावे.

जमिनीचेही तसेच. १९७९ मध्ये कास्ट्रोप-राउक्सेल येथे झालेल्या परिषदेनंतर राज्य सरकारने एक भूमिनिधी स्थापन केला. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी विकत घेऊन, शुद्ध करून त्या पुन्हा उपयोगात आणाव्यात, हा त्याचा हेतू होता. गेल्सेनकिर्शेनमध्ये एका जुन्या पोलाद ओतशाळेच्या जागी १९९५ मध्ये विज्ञान केंद्र उघडले आणि त्याच्या छपरावर सौर वीजकेंद्र बसवण्यात आले. एसेनमधील झोलफेराइन ही खाण १९८६ मध्ये बंद झाली. तिच्या इमारती पाडल्या गेल्या नाहीत आणि २००१ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आता आपल्या गिरणगावाकडे पाहा. १९८२ च्या संपानंतर अडीच लाख गिरणी कामगारांची वाताहत झाली. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला आणि एक तृतीयांश वाटा सार्वजनिक घरबांधणीला मिळावयाचा होता. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. जेथे साचे चालत होते, तेथे आज मॉल आणि मनोरे आहेत.

मात्र रूरचे सारेच आदर्श, असे समजू नका. डॉर्टमुंडमधील एक पोलाद कारखाना २००१ मध्ये बंद झाला, सुटा करून चीनला नेण्यात आला आणि त्याच्या जागी तलाव खोदण्यात आला. तलाव सुंदर आहे. पण त्याच्या काठावरील घरे जुन्या पोलाद कामगाराच्या ऐपतीतली नाहीत.

आणखी एक गोष्ट. रूरची जमीन खाणींमुळे काही ठिकाणी वीस मीटरहूनही अधिक खचली आहे. तेथे पंप बंद केले, तर वस्त्या पाण्याखाली जातील. म्हणून पाणी उपसण्याचे काम कायमचे चालू ठेवावे लागणार आहे. जर्मन लोक या कामांना ‘चिरंतन कामे’ म्हणतात. त्यासाठी २००७ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापून कोळसा कंपनीच्या रसायन व्यवसायाची मालकी त्याच्याकडे देण्यात आली. त्या उत्पन्नातून २०१९ पासून हा खर्च चालतो. शंभर-दीडशे वर्षे खाणींनी जो नफा दिला, त्याचे बिल असे पुढच्या सर्व पिढ्यांच्या नावाने निघालेले आहे. किमान ते बिल लिहून तरी ठेवले गेले.

नवे रोजगार कोठे आहेत?

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. रूरने कामगाराचे संरक्षण केले. कामाचे मात्र केले नाही. पन्नाशीत निवृत्त झालेल्या खाणकामगाराला भत्ता मिळाला, पण त्याच्या मुलाला ती खाण नव्हती आणि त्या तोडीचे दुसरे कामही नव्हते. कराराने माणूस वाचतो. पण माणूस निवृत्त झाला की ती जागाही त्याच्याबरोबर नाहीशी होते.

ही पोकळी भरण्यासाठी जे आणले गेले, त्याचा इतिहास बोधप्रद आहे. जुन्या खाणीच्या जमिनीवर बोखुममध्ये १९६२ साली ओपेलचा मोटार कारखाना आला. तो २०१४ मध्ये बंद झाला. सरकारी अनुदाने घेतलेल्या नोकियाने २००८ मध्ये बोखुममधील दोन हजारांहून अधिक कामगारांना घरी पाठवून कारखाना रुमानियात नेला आणि तीनच वर्षांनी तोही बंद केला. स्वच्छ तंत्रज्ञानाचेही निराळे झाले नाही. गेल्सेनकिर्शेनने ‘सौरनगरी’ होण्याचे स्वप्न पाहिले आणि १९९९ मध्ये तेथे शेल या तेल कंपनीचा सौरघटांचा कारखाना सुरू झाला. काही वर्षांत तो दुसऱ्या मालकाकडे गेला आणि २०१० नंतरच्या मंदीत, चिनी मालाच्या स्पर्धेपुढे जर्मनीतील जवळजवळ सारा सौर उद्योग कोसळला, तेव्हा तोही टिकला नाही. सूर्य कोणाच्या मालकीचा नसतो हे खरे, पण सौरघट बनवणारा कारखाना कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि मालकाला नफ्याची दिशा बदललेली दिसली की तो कारखानाही जागा बदलतो.

विद्यापीठांची कथा अधिक उजळ आहे. एवढ्या दाट वस्तीच्या कामगार प्रदेशात १९६० पर्यंत एकही विद्यापीठ नव्हते. १९६५ मध्ये बोखुमचे विद्यापीठ सुरू झाले, पाठोपाठ डॉर्टमुंडचे झाले, आणि खाणकामगारांच्या मुलामुलींची पहिली पिढी उच्च शिक्षणाला पोचली. पण ज्यांना ती वाट धरता आली नाही, त्यांच्या वाट्याला गोदामातील आणि पार्सलच्या केंद्रांतील हलक्या वेतनाची कामे आली. गेल्सेनकिर्शेन आज जर्मनीतील सर्वाधिक बेकारी असलेल्या शहरांत गणले जाते. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून बोलावून आणलेल्या कामगारांना तर १९८३ च्या कायद्याने साडेदहा हजार मार्क देऊ करून मायदेशी परत जाण्यास सुचवण्यात आले. संकट आले की सर्वांत आधी कोण परका ठरतो, हे त्यावरून कळते.

आणि सध्याचा प्रश्न पोलादाचा आहे. झोतभट्टीत लोहखनिजातला प्राणवायू काढून घेण्यासाठी कोक वापरतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. कोकऐवजी हायड्रोजन वापरला तर पाण्याची वाफ निर्माण होते. डुइसबुर्गमध्ये असा प्रकल्प उभारण्यासाठी थिसेनक्रुप कंपनीला सुमारे दोन अब्ज युरोंचे सरकारी साहाय्य २०२३ मध्ये मंजूर झाले. तंत्र चांगलेच आहे. पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीने सत्तावीस हजारांपैकी अकरा हजार जागा कमी करण्याचा किंवा बाहेर देण्याचा बेत जाहीर केला आणि २०२५ मध्ये हायड्रोजन खरेदीची निविदा स्थगित केली. जनतेचा पैसा तंत्रासाठी दिला गेला. रोजगाराची तितकीच पक्की हमी त्याच्याबरोबर लिहून घेतली गेली नाही.

आपल्याकडील टाटा समूहाने वेल्समधील पोर्ट टॅलबटला काय केले, तेही या संदर्भात पाहावे. तेथील दोन झोतभट्ट्या २०२४ मध्ये बंद केल्या गेल्या. विजेच्या भट्टीसाठी ब्रिटिश सरकारने पन्नास कोटी पौंड देण्याचे कबूल केले आहे. नवी भट्टी सुरू होईपर्यंत एक जुनी भट्टी चालू ठेवावी, हा संघटनांचा प्रस्ताव मात्र कंपनीने फेटाळला आणि सुमारे अडीच हजार माणसांचे काम गेले. स्वच्छतेच्या नावाने कपात करणे किती सोपे आहे, याचे हे ताजे उदाहरण आहे.

याचे राजकीय फळ काय? २०२५ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत गेल्सेनकिर्शेनमध्ये, म्हणजे सोशल डेमोक्रॅटांच्या बालेकिल्ल्यात, पक्षनिहाय मतांत अतिउजवा पक्ष पहिला आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापौरपदाच्या अंतिम फेरीत त्याचा पराभव झाला, ही समाधानाची गोष्ट. पण धोक्याची घंटा वाजली आहे. आपण जी पोकळी ठेवतो, ती रिकामी राहत नाही. वंशद्वेष ती भरून काढतो.

आपल्यापुढील काम

साथींनो, चंद्रपूर, वणी, कोराडी, भुसावळ ही नावे मी मुद्दाम घेतो. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचे आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट भारत सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. कोळशाचा अस्त आपल्याकडे उद्या होणार नाही. पण तो होणार आहे. रूरला साठ वर्षे मिळाली. आपल्याला किती मिळतील, हे आपल्या तयारीवर ठरेल.

ती तयारी करताना चार मागण्या आपण आतापासून मांडल्या पाहिजेत. पहिली, संरक्षण सर्वांना हवे. रूरचा करार कायम कामगारांचा होता. आपल्या खाणींत कोळसा आता मोठ्या प्रमाणात कंत्राटदारांमार्फत निघतो. कंत्राटी मजूर, ट्रकचालक, खाणीबाहेर चहा विकणारी बाई, ही माणसे कोणत्याच करारात नाहीत. दुसरी, जमिनीची मागणी. कोळसा संपलेली जमीन सार्वजनिक मालकीतच राहावी आणि तिच्यावर विस्थापितांचा पहिला हक्क असावा. गिरणगाव एकदा झाले, पुन्हा होता कामा नये. २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा पैसा कमानी आणि सभागृहे बांधण्यात न जाता या कामासाठी राखला जावा.

तिसरी मागणी, जुने दार बंद होण्यापूर्वी नवे उघडले गेले पाहिजे, आणि ते त्याच जिल्ह्यात उघडले गेले पाहिजे. सार्वजनिक अनुदान घेणाऱ्या प्रत्येक सौर व पवन प्रकल्पाकडून रोजगाराची लेखी हमी घ्यावी. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा सूर्याची वीज गावागावांत निर्माण होऊ शकेल, ही कल्पना दूरची होती. आज ते तंत्र हाती आहे. मालकी मात्र मोजक्या भांडवलदारांकडे चालली आहे. सहकारी आणि ग्रामपंचायतीच्या मालकीची वीज हा आपला कार्यक्रम असला पाहिजे.

चौथी मागणी सर्वांत जुनी आहे. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे तत्त्व १९७६ मध्ये आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३-क मध्ये लिहिले गेले. ते बहुतांशी कागदावरच राहिले. रूरच्या कामगाराने १९५१ मध्ये निर्णयाच्या टेबलाशी जागा मिळवली, म्हणून १९५८ चे संकट आले तेव्हा तो बोलू शकला. संकट आल्यावर जागा मागणाऱ्याला ती मिळत नाही.

विदर्भातील आपल्या शाखांनी येत्या वर्षात एकच काम करावे, असे मी सुचवतो. प्रत्येक खाणीभोवती आणि वीजकेंद्राभोवती किती माणसे पोट भरतात, त्यांत कायम किती, कंत्राटी किती, स्त्रिया किती, याची गावोगाव फिरून नोंद करा. सरकारच्या यादीत जे नाव नसते, त्याला कोणताही भत्ता मिळत नाही. ती यादी आपण तयार केली, तर उद्या वाटाघाटीच्या टेबलावर ठेवायला आपल्या हाती निदान एक कागद असेल. मोर्चाला त्यानंतर अर्थ येतो.